एकोणचाळीस अंकी मूळ संख्या

ही संख्या एकदा वहीत उतरवून घ्या. एकही अंक गाळू नका :

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कोणत्याही संख्येने नि:शेष भाग जात नाही. पण हे ठरवायचे कसे? ९७ ला आपण २, ३, ५ व ७ ने भागून पाहतो आणि थांबतो, कारण वर्गमूळापलीकडे जावे लागत नाही. इथे वर्गमूळच वीस अंकी आहे! सेकंदाला एक कोटी भागाकार करणारे यंत्र एकेक संख्या घेऊन तपासू लागले, तर त्याला सुमारे ४१ हजार वर्षे लागतील. तरीही एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली कागद-लेखणीच्या बळावर ती मूळ असल्याचे सिद्ध केले. ('हॅनॉयचा मनोरा' हे कोडे रचणारा ल्यूका तो हाच.)

ही संख्या म्हणजे २ चा १२७ वा घात वजा १. अशा संख्यांना मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाचे नाव मिळाले आहे. त्याने १६४४ मध्ये दिलेल्या घातांकांच्या यादीत १२७ होता खरा. पण ६७ व २५७ हे चुकीचे घातांकही होते. तेव्हा यादीवर विसंबणे शक्य नव्हते. घातांक मूळ असला की काम भागते, असेही नाही. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९.

ल्यूकाच्या रीतीला आजचे सुटसुटीत रूप लेमर या अमेरिकन गणितज्ञाने १९३० मध्ये दिले. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी शून्य उरली, तरच संख्या मूळ. १२७ चेच पाहा. ती २ चा ७ वा घात वजा १ आहे. म्हणून पाच वेळा. बाक्या येतात १४, ६७, ४२, १११ आणि ०. १२७ मूळ ठरली! ३१ वर ही रीत तुम्ही स्वतः करून पाहा. तिथे तीनच पायऱ्या आहेत.

गंमत अशी, की यात विभाजक शोधावाच लागत नाही. आपल्या एकोणचाळीस अंकी संख्येला १२५ पायऱ्या पुरतात. १९५१ पर्यंत तीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. २०२४ मध्ये सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येवरही शिक्कामोर्तब झाले ते याच कसोटीने.

आता ही साखळी पाहा : २, ३, ७, १२७. प्रत्येक संख्या घातांक म्हणून २ ला दिली आणि १ वजा केला, की पुढची मिळते. १२७ नंतर येते ती वहीत उतरवलेली संख्या. या पाचही मूळ आहेत. मग सहावी? तिच्यात किती अंक आहेत हे सांगणारी संख्याच ३८ अंकी आहे. ती लिहून काढणेच अशक्य, मग वर्ग कुठला करणार? म्हणून ल्यूकाची रीत इथे लटकी पडते. उरतो तो जुनाच मार्ग, एखादा लहानसा विभाजक हाती लागतो का ते पाहण्याचा. असा विभाजक अद्याप कोणालाही सापडलेला नाही.