बिबट्याच्या मुलखात

२००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक बिबट्या वनखात्याने बाहेर काढला. त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि त्याला जुन्नरच्या वेशीवर, माळशेज घाटात सोडून दिलं. वयस्कर म्हणून त्याचं नाव पडलं ‘आजोबा’. महिनाभराच्या आत, शेतं, रस्ते आणि रेल्वेमार्ग ओलांडत, सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने कुणाच्या अंगावर झेप घेतली नाही.

या प्रवासाचं मोल कळायचं तर जुन्नर वनविभागाचा आधीचा अनुभव पाहावा लागतो. १९९३ ते २००१ या काळात इथे बिबट्याचे माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. मग बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडण्याचा सपाटा सुरू झाला. २००१ ते २००३ मध्ये ही सरासरी सतरावर गेली, आणि हल्ल्यांपैकी जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोचलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. हल्ले वाढले होते ते बिबटे जिथे सोडले, त्या जागांच्या आसपास.

जुन्नरशेजारच्या आंबेगाव तालुक्यात पश्चिमेला आहुपेचे कडे आणि १९८५ मध्ये शेकरूसाठी राखलेलं भीमाशंकर अभयारण्य आहे. जंगल तिकडे, बिबट्या मात्र पूर्वेला उसात नांदतो. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगा आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी पाणी आणलं, पाण्यामागे ऊस आला. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या फडात बिबट्याला लपण मिळतं, वस्तीजवळ कुत्री-शेळ्या मिळतात. मादी तिथेच विते. ऊसतोडीत बछडे सापडले की वनकर्मचारी त्यांना क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतात. अंधार पडल्यावर आई येऊन घेऊन जाते. त्यासाठी एकच अट असते, गर्दी हटली पाहिजे.

गर्दी आवरायची कशी, हे अंटार्क्टिकाकडून शिकता येतं. आता मराठी पर्यटक जहाजाने तिथपर्यंत जातात. तिथले नियम इथल्या प्रत्येक गावाने ऐकावेत असे आहेत. पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने माणसं किनाऱ्यावर उतरवायची नाहीत. एका वेळी शंभरच जण उतरतील आणि दर वीस जणांमागे एक मार्गदर्शक असेल, असं अंटार्क्टिक करारातल्या देशांनी २००९ मध्येच ठरवलं. पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचं आणि तो समोरून आला तर आपण थांबून त्याला वाट द्यायची.

जुन्नरमध्ये बिबट्या विहिरीत पडल्याची बातमी फुटली की काठावर शेकडो माणसं जमतात. मोबाइल वर होतात, आरडाओरडा होतो, आणि बिथरलेलं जनावर बाहेर पडायला वाटच शोधू शकत नाही. अशा वेळी जखमी होतात ते बहुधा काठावरचे लोक आणि बचावाला आलेले कर्मचारी. बिबट्या पाहण्याची ओढ स्वाभाविक आहे. त्या ओढीला शिस्त लावणं अंटार्क्टिकात जमलं, तर ते इथेही जमेल. जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला आहे. मग पर्यटकांच्या हाती ठिकाणांच्या यादीआधी ही शिस्त दिली पाहिजे.

मात्र एक फरक विसरून चालणार नाही. अंटार्क्टिकाचा पर्यटक चार दिवसांनी घरी परततो. इथला शेतकरी रात्रीची वीज येते म्हणून अंधारात दारं धरायला जातो, त्याची लेकरं फडाच्या कडेने शाळेत जातात, आणि या भागात माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेलीही आहेत. त्यांना नुसतं ‘अंतर राखा’ म्हणणं क्रूरपणाचं ठरेल. शेतीला दिवसा वीज, जनावरांना बंदिस्त गोठा आणि वस्तीला उजेड देणं हे सरकारचं काम आहे. बिबट्याला पिंजऱ्यात घालून दुसऱ्या तालुक्यात सोडल्याने काय होतं, ते जुन्नरने स्वतः भोगून पाहिलं आहे. आता खर्च करायचा तो माणसाच्या सुरक्षिततेवर.