‘सायन्स आपल्याला झेपत नाही’

दहावीच्या सहामाहीचा निकाल घ्यायला एका विद्यार्थिनीचे वडील शाळेत आले होते. विज्ञानाच्या दोन्ही पेपरांत मिळून 80 पैकी 21 गुण. ते म्हणाले, ‘‘सर, आमच्या घरात सायन्स कुणालाच झेपलं नाही. हिला पुढे आर्ट्सलाच घालतो.’’ मुलगी मान खाली घालून उभी होती. आवडीने आर्ट्सला जाणे वेगळे, विज्ञानाला घाबरून जाणे वेगळे.

मी तिला विचारले, ‘‘मासकी तूल म्हणजे काय?’’ आमची शाळा उर्दू माध्यमाची. मराठीत त्यालाच नाभीय अंतर म्हणतात. तिने व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. ‘‘आता मोजून दाखव,’’ म्हटल्यावर मात्र ती गप्प झाली.

तिच्या अब्बांच्या खिशात वाचायचा चष्मा होता, नंबर +2. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ तो तिला धरायला लावला. पुढे-मागे करता करता भिंतीवर बाहेरचे झाड उमटले, इवलेसे आणि उलटे! मीटरपट्टी लावली. भिंग आणि भिंत यांत सुमारे 50 सेंटिमीटर, म्हणजे अर्धा मीटर अंतर भरले. 1 ला 0.5 ने भागले की 2 येतात. तोच अब्बांच्या चष्म्याचा नंबर! मुलगी हसली. वडीलही.

हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी प्रकाशाचे नियम असेच प्रयोग करून पारखले होते. हा वारसा आपण अभिमानाने सांगतो. पण मुलांच्या हाती प्रयोग देतो का?

एका प्रयोगाने गुण वाढत नाहीत, अभ्यासाची इच्छा मात्र जागी होते. पुढची मेहनत तिने केली. धडा वाचून झाला की पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचे. चुकलेले गणित दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडवायचे. अकरावी सायन्सला इंग्रजीशी गाठ पडणार, म्हणून प्रत्येक उर्दू संज्ञेसमोर इंग्रजी शब्द लिहायचा. सराव परीक्षेत तिला 43 गुण मिळाले. पहिला नंबर आला नाही, पण आता ती वर्गात हात वर करून प्रश्न विचारते.

पालकांनो, ‘किती मार्क पडले?’ हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी विचारा, ‘बेटा, आज काय समजलं? मलाही सांग.’ त्यासाठी तुम्ही स्वतः सायन्स शिकलेले असण्याची गरज नाही. फक्त दहा मिनिटे शेजारी बसून ऐका.