दोन बोल्ट उरले होते

२०२१ ची बकरी ईद २१ जुलैला झाली आणि दुसऱ्या दिवशी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले. कुर्बानीचे वाटे कसेबसे पोहोचवून झाले होते. पहाटे आम्ही अम्मी-अब्बांना वरच्या मजल्यावर नेले, पिठाचे डबे आणि कागदपत्रे उचलली. अंगणातली मारुती ८०० मात्र तिथेच राहिली. संध्याकाळपर्यंत तिचे छतसुद्धा दिसेनासे झाले.

पाणी ओसरल्यावर शहरातल्या प्रत्येक गॅरेजसमोर चिखलाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली. आमचा विमा फक्त थर्ड पार्टीचा होता, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच नव्हता. अब्बांना दर महिन्याला हृदयाच्या तपासणीसाठी कराडला न्यावे लागते, म्हणजे कुंभार्ली घाट चढून जाणे आले. भाड्याच्या गाडीचा खर्च दर महिन्याला कुठून आणायचा? भाईजान कुवेतमध्ये अनेक वर्षे वर्कशॉपमध्ये होते आणि टाळेबंदीपासून घरीच होते. ते म्हणाले, “आपणच खोलू.” या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले असले तरी सुटे भाग अजून सहज मिळतात, हीदेखील एक सोय होती.

बुडालेल्या गाडीला चुकूनही सेल्फ मारू नये, हे इथे आधीच सांगायला हवे. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्या आळीतल्या दोन इंजिनांचे नुकसान पुराने नव्हे, मालकांच्या घाईने झाले. आम्ही आधी बॅटरीची तार काढली, प्लग काढून पाणी बाहेर घेतले, चेंबरमधले तेल सोडले. ते दुधाळ चहासारखे आले. मग हेड उतरवले.

खोलणे सोपे होते. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, लहानसे इंजिन. भाईजान भाग उतरवायचे आणि आम्ही अंड्यांच्या ट्रेमध्ये चिठ्ठी लावून बोल्ट ठेवायचो. प्रत्येक जोडणीचा मोबाइलवर फोटो काढायचा, असा धाकट्याचा आग्रह होता. तेव्हा आम्ही त्याला हसलो. पुढे त्याच फोटोंनी लाज राखली.

सप्टेंबरात हेड साफ होऊन, नवे गॅस्केट आणि नवा टायमिंग बेल्ट बसून सगळे पुन्हा जोडले गेले, तेव्हा ट्रेमध्ये दोन बोल्ट आणि एक वायसर उरले होते.

असे उरलेले बोल्ट खिशात टाकून “कंपनीने जास्तच दिले होते” असे म्हणणारे मेकॅनिक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. खरे सांगायचे तर आमच्याही मनात ते आले. महिना झाला होता, सगळे थकले होते, इंजिन सुरू झालेले पाहायची घाई होती. अब्बा खुर्चीवर बसून पाहत होते. ते एवढेच म्हणाले, “आधी उंट बांधा, मग तवक्कल करा.” ही हदीस लहानपणापासून ऐकलेली, पण त्या दिवशी समोर ज्यांना घाटातून न्यायचे होते तेच ती सांगत होते. चावी अब्बांच्या खिशात गेली आणि आम्ही अस्रनंतर पहिल्यापासून तपासायला बसलो.

सर्वांत महत्त्वाची तपासणी बेल्टची. खालचा क्रँक दोनदा फिरतो तेव्हा वरचा कॅम एकदा फिरतो, आणि बेल्ट हे गणित सांभाळतो. एक दात इकडेतिकडे झाला तरी व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडतात. इंजिन थरथरते, ताकद देत नाही. चूक मोठी असेल तर अनेक गाड्यांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो. म्हणून सेल्फ मारायच्या आधी हाताने फिरवून पाहायचे. प्लग काढलेले, गाडी न्यूट्रलमध्ये, क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने दोन पूर्ण फेरे. हळू. कुठे अडले तर जोर लावायचा नाही, थांबायचे. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही पुलींच्या खुणा पुन्हा आपापल्या जागी यायला हव्यात.

आमची खालची खूण बरोबर आली. वरची एक दात पुढे.

भाईजान बराच वेळ काही बोलले नाहीत. बेल्ट चढवताना ज्या बाजूला तो ताठ हवा त्याच बाजूला ढिला राहिला होता. टेन्शनर सोडल्यावर ती ढील ओढली गेली आणि एक दात सरकला. मगरिबची अजान झाली, नमाज पढून आलो, मग बॅटरीच्या उजेडात बेल्ट पुन्हा बसवला. पुन्हा दोन फेरे. पुन्हा दोन. या वेळी खुणा जुळल्या. सगळ्या टॅपेटच्या फटी फिलर गेजने मोजल्या, त्यातली एक घट्ट निघाली.

उरलेल्या बोल्टांचा शोध दुसऱ्या दिवशी लागला. एका बोल्टच्या डोक्याखालचा रंग घासून धातू उघडा पडला होता. भाईजाननी पाहताच ओळखले की तो अर्थच्या पट्टीचा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसते, त्यामुळे बॉडीशी त्याची विजेची जोडणी या जाड पट्टीने होते. ती सुटी राहिली तर सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो, कधी क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलेटरच्या केबलमधून जातो, आणि केबल तापून जळते. पट्टी गिअरबॉक्सजवळ लोंबकळत होती, चिखलाच्या रंगाची, म्हणून कोणाला दिसलीच नव्हती. दुसरा बोल्ट एअर फिल्टरच्या खालच्या पट्टीचा निघाला, तोही धाकट्याच्या फोटोवरून. वायसर कशाचा, हे मात्र कळले नाही. प्रत्येक फोटो उघडून पाहिला, कुठेही जागा रिकामी नव्हती. बहुधा तो ट्रेमध्येच आधीपासून पडलेला असावा. अम्मीने तो शिलाईच्या डब्यात ठेवला आहे.

बाकीचे भराभर झाले. प्लगच्या तारा १-३-२ या क्रमाने, पाइपांच्या क्लिपा हाताने ओढून, फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून. हवेच्या तोंडात कोंबलेले फडके काढले का, हेही पाहिले. होते! धूळ जाऊ नये म्हणून आम्हीच घातले होते.

नवे तेल भरले, कॉइलची तार काढून थोडा थोडा सेल्फ दिला, जेणेकरून ठिणगी न पडता तेल वरपर्यंत चढावे. तेलाचा लाल दिवा विझला. मग तार लावली, बिस्मिल्ला म्हटले आणि अब्बांकडून चावी घेतली. इंजिन तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाले. गाडी उघड्या अंगणातच ठेवली होती. बंद जागेत इंजिन चालवले की धुराने जीव जाऊ शकतो, हे मुलांना आवर्जून सांगून ठेवा. पंखा लागेपर्यंत आम्ही हेडच्या कडेने टॉर्च फिरवत राहिलो. थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडले, पाणी बरेच उतरले होते, कारण आत अडकलेली हवा निघाली होती. भरले. तेलाच्या झाकणाखाली पांढरा साय येतो का, हे रोज पाहिले.

पहिले आठ दिवस गाडी गावातच फिरवली. मग तेल पुन्हा बदलले, कारण पुराचा गाळ एका वेळेत निघत नाही. त्यानंतरच्या तारखेला अब्बांना घेऊन घाट चढलो. कोयनानगरला चहासाठी थांबलो तेव्हा भाईजान चहा सोडून बॉनेट उघडून उभे होते. अब्बांनी काच खाली करून विचारले, “काय उरले?”

“काही नाही,” भाईजान म्हणाले, आणि पाटणच्या रस्त्याला लागलो.