संशोधक विद्यार्थ्यांची अध्यापनपूर्व तयारी : एक विवेचन

प्रस्तावना

माध्यमिक शाळेत शिकवू इच्छिणाऱ्या पदवीधरास बी.एड. करावे लागते. त्या काळात तो पाठ टाचण लिहितो, सराव पाठ घेतो व त्यावरील निरीक्षकाचे शेरे वाचतो. महाविद्यालयीन अध्यापकाच्या बाबतीत अशी कोणतीही पूर्वअट परंपरेने घातली गेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पदव्युत्तर पदवीस किमान ५५ टक्के गुण आणि नेट वा सेट उत्तीर्णता, अथवा विहित निकषांनुसार मिळविलेली पीएच.डी. ही सहायक प्राध्यापकपदाची प्रमुख अर्हता होय. विषयाचे ज्ञान असले की शिकविता येतेच, हे गृहीतक या व्यवस्थेच्या मुळाशी आहे आणि ते तपासून पाहण्याजोगे आहे.

नेट परीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापन व संशोधन अभिवृत्तीवर प्रश्न असतात हे खरे. परंतु ५० बहुपर्यायी प्रश्नांतून उमेदवारास अध्यापनाविषयी काय ठाऊक आहे एवढेच कळते. त्याला शिकविता येते किंवा नाही हे पर्यायापुढील खुणेवरून ठरविणे, पोहण्याची परीक्षा कागदावर घेण्यासारखे आहे.

विषयज्ञान व अध्यापनज्ञान

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली या दोहोंमधील एका तिसऱ्या ज्ञानप्रकाराकडे लक्ष वेधले. त्यास विषयाश्रित अध्यापनज्ञान म्हणता येईल. एखादा घटक कोणत्या उदाहरणाने उलगडतो आणि विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो, याची जाण म्हणजे हे ज्ञान. अर्थशास्त्राचे उदाहरण घेऊ. बी.ए. प्रथम वर्षाचा विद्यार्थी मागणीचा विस्तार-संकोच आणि मागणीतील वृद्धी-ऱ्हास यांत हमखास गल्लत करतो. पहिल्यात किमतीच्या बदलामुळे त्याच वक्रावर वर-खाली जावे लागते. दुसऱ्यात उत्पन्न, आवड यांसारख्या अन्य घटकांमुळे संपूर्ण वक्रच सरकतो. अर्थमितीवर प्रबंध लिहिणाऱ्या संशोधकास हा भेद इतका अंगवळणी पडलेला असतो की, त्यात अवघड ते काय, हेच त्यास दिसत नाही. शिवाय त्याचे वाचन-लेखन बहुतांशी इंग्रजीत झालेले असते आणि समोरचा वर्ग मराठी माध्यमाचा, पुष्कळदा घरातील पहिल्याच पदवीधर पिढीचा असतो. अशा वर्गात अध्यापक चाचपडला, तर विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे असा ग्रह विद्यार्थी करून घेतो व पुढील वर्षी तो विषयच सोडून देतो.

नियुक्तीनंतरचे प्रशिक्षण

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे स्थापन झाली व उद्बोधन आणि उजळणी वर्ग सुरू झाले. २०१५ मध्ये या संस्थांचे नाव बदलून मानव संसाधन विकास केंद्र झाले. २०१९ मध्ये नवनियुक्तांसाठी ‘गुरु-दक्षता’ हा अभ्यासक्रम आखण्यात आला. या सर्व प्रयत्नांचे मोल मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावी लागते. ते नियुक्तीनंतरचे आहेत आणि पदोन्नतीशी जोडले गेल्याने त्यांतील प्रमाणपत्रासच अधिक महत्त्व आले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने मात्र नेमके आधीच्या टप्प्यावर बोट ठेवले. त्यास अनुसरून २०२२ च्या पीएच.डी. विनियमांत प्रत्येक संशोधकासाठी, विद्याशाखा कोणतीही असो, आपल्या विषयाशी निगडित अध्यापन, अध्यापनशास्त्र व लेखन यांचे प्रशिक्षण आवश्यक ठरविले गेले. ट्युटोरियल, प्रयोगशाळा व मूल्यमापनासाठी आठवड्यास ४ ते ६ तासांचे सहायकपद देता येईल, अशीही त्यात तरतूद आहे. पीएच.डी. नंतरच्या अधिछात्रांचा प्रश्न निराळा आहे. त्यांचे मूल्यमापन मुख्यतः शोधनिबंधांवर होत असल्याने वर्गासाठी दिलेला वेळ त्यांना वाया गेल्यासारखा वाटतो.

प्रत्यक्ष तयारीचे स्वरूप

या तासांत काय करावे, यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास आकारास आलेले सूक्ष्म अध्यापन आपल्या बी.एड. महाविद्यालयांत रुळलेले आहे. भारतीय पद्धतीत ६ मिनिटे अध्यापन, ६ मिनिटे प्रत्याभरण, १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुनरध्यापन व ६ मिनिटे पुन्हा प्रत्याभरण असे हे ३६ मिनिटांचे चक्र असते. प्रश्न विचारणे, फलकलेखन असे एकच कौशल्य एका वेळी घेतले जाते. विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग आणि इतर विभाग बहुधा एकाच आवारात असूनही ही देवाणघेवाण क्वचितच होते, हे आश्चर्य.

अमेरिकेत १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रिपेअरिंग फ्युचर फॅकल्टी’ या उपक्रमाने आणखी एक पाऊल टाकले. संशोधन विद्यापीठांतील विद्यार्थी शेजारच्या अध्यापनप्रधान महाविद्यालयांत जात आणि तेथील एखादा अध्यापक त्यांचा मार्गदर्शक असे. तो प्रबंधाच्या मार्गदर्शकाहून वेगळा असल्याने चुकांविषयी मोकळेपणाने बोलता येई. महाराष्ट्रात विद्यापीठास संलग्न महाविद्यालयांचे जाळे असल्याने ही रचना येथे सहज शक्य आहे.

आज अनेक तरुण संशोधकांना वर्गाचा पहिला अनुभव तासिका तत्त्वावरील नेमणुकीतूनच मिळतो. मानधन झालेल्या तासांचेच असते. तयारीच्या वेळेचे नसते. त्याचा तास मागच्या बाकावर बसून ऐकणारा व नंतर दोन शब्द सांगणारा अनुभवी सहकारीही बहुधा नसतो. सहायकपदाच्या ४ ते ६ तासांपैकी एक तास तरी अशा निरीक्षणासाठी राखून ठेवणे आणि त्या ज्येष्ठाच्या कार्यभारात तो तास मोजणे, हे विद्यापीठांच्या अधिकारातील काम आहे.