रेतीत रुतलेला ट्रक

आफ्रिका खंड ट्रकने ओलांडण्याच्या सहली गेल्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात लोकप्रिय झाल्या. अल्जीरियातून सहारा पार करून, कांगोच्या अरण्यातून नैरोबी गाठावयास कित्येक महिने लागत. १९९० नंतरच्या दशकात अल्जीरियातील यादवीने तो मार्ग मोडला. पंधरा-वीस अनोळखी माणसे, एक ट्रक, सामायिक वर्गणी आणि स्वयंपाकाच्या पाळ्या, असा हा फिरता संसार.

अशा संसारात भांडणे तत्त्वांवरून क्वचितच होतात. ती बसण्याची जागा, पाणी, खरकटी भांडी यांवरून होतात. घरी रुसलेला मनुष्य दुसऱ्या खोलीत जातो. ट्रकवर दुसरी खोलीच नसते. मग तट पडतात आणि एखादा अगदी एकटा पडतो.

यावर उपाय काय? १९५४ साली मुझफर शेरिफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील ओक्लाहोमात बावीस मुलांच्या दोन तुकड्यांत स्पर्धेने वैर वाढू दिले. एका पंक्तीस बसविल्याने ते शमले नाही. पुढे अन्न आणणारा ट्रक बंद पडल्याचे भासविले, तेव्हा रस्सीखेचीच्याच दोराने दोन्ही तुकड्यांनी तो मिळून ओढला. अशा अनेक कामांनंतर मने निवळली.

सहारातही चाके रुतली की सर्वांस उतरून रेती उपसावी लागे, चाकांखाली पत्रे सरकवावे लागत. तेथे कोणाचाही खांदा नकोसा नसे. परंतु रेती संपते, खरकटी भांडी संपत नाहीत. म्हणून पाळ्या न्यायाने वाटाव्या आणि एकट्या पडलेल्यास उपदेश न करता, सर्वांना ज्याची गरज आहे असे काम त्याच्या हाती द्यावे.