परदेशी पाहुणी, तिच्यामागचा पैसा आणि आपला गट



बाहेरच्या देशातून कुणी गट बघायला आलं की गावात दोन बोलणी लगेच सुरू होतात. एक म्हणजे, ‘आता बायांना फुकट पैसा मिळणार.’ दुसरं, ‘हे परदेशी पैशाचं कर्ज, फेडलं नाही तरी चालतं.’ दोन्ही चूक. दुसऱ्यापायी तर हप्ते थकतात आणि बँकेत अख्ख्या गटाचं नाव खराब होतं. म्हणून हा पैसा येतो कुठून, ते समजून घेऊ.

स्वयंसेविकेचा खर्च कोण करतं?

महिलांच्या हक्कांवर काम करायला येणारी स्वयंसेविका पगार घेत नसली, तरी तिचं तिकीट, विमा, राहणं-खाणं याला पैसा लागतोच. बऱ्याचदा तो तिच्या देशाचं सरकार देतं. ब्रिटनची व्हीएसओ ही संस्था १९५८ ची. तिला तिथल्या सरकारचं अनुदान मिळत आलं. अमेरिकेच्या पीस कोअरचे तरुण १९६१ ते १९७६ भारतात काम करत होते. जपान सरकारचा असा कार्यक्रम १९६५ पासून आहे.

हा तिथल्या लोकांच्या कराचा पैसा. तिथलं धोरण बदललं की इकडचं काम थांबू शकतं. २०२१ मध्ये ब्रिटनने परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली. २०२५ मध्ये अमेरिकेने मदत देणारी यूएसएड ही यंत्रणाच बंद केली.

आपल्याकडे आलेला पैसा

आपल्या माविमचा ‘तेजस्विनी’ कार्यक्रम २००७ ते २०१८ चालला. त्याला इफाडचं अर्थसाहाय्य होतं. इफाड ही संयुक्त राष्ट्रांची संस्था, कचेरी रोमला. तिच्यात अनेक देशांची सरकारं पैसा घालतात, भारतही घालतो. तेजस्विनीसाठी आलेला हा पैसा मुख्यतः कर्ज होता. ते सरकारने घेतलं, फेडायचंही सरकारनेच. त्यातून गटबांधणी, प्रशिक्षण, सहयोगिनींचं काम आणि लोकसंचालित साधन केंद्रं उभी राहिली.

पण तुम्ही म्हशीसाठी, शिलाई मशीनसाठी गटामार्फत बँकेचं कर्ज काढलं, ते वेगळं. तो बँकेत ठेवी ठेवणाऱ्यांचा पैसा. तो आपणच फेडायचा.

कायदा काय म्हणतो?

संस्थेला परदेशी देणगी घ्यायची तर केंद्राच्या गृहमंत्रालयाकडे नोंदणी किंवा आधी परवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीपासून ही देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येते, आणि एका संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणून ‘परदेशातून पैसा आणतो, तुमच्या गटाच्या खात्यातून फिरवू’ असं कुणी म्हटलं, तर पासबुक देऊ नका. आधी साधन केंद्रात विचारा.

पाहुणी आली की हे विचारा

* तुम्ही कोणत्या संस्थेकडून आलात? इथली कोणती संस्था सोबत आहे?
* किती महिने राहणार? तुम्ही गेल्यावर हे काम कोण करणार?
* आमच्या कोणत्या बाईला तुम्ही हे काम शिकवून जाणार?
* आमचे फोटो, आमची माहिती कुठे वापरणार?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. घरात मार खाणाऱ्या मैत्रिणीची गोष्ट तिला विचारल्याशिवाय कुणालाही सांगू नका. पाहुणी निघून जाते, मैत्रिणीला त्याच गावात राहायचं असतं.

मागे काय उरतं?

शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. १९७२ नंतर तिथल्या श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली, नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध एकजूट केली. स्वयंसेविका त्याच होत्या. बाहेरची मदत जरूर घ्यावी, शिकावं, पण काम आपल्या हातात ठेवावं. तेजस्विनीची मुदत संपली तरी साधन केंद्रं सभासदांच्या वर्गणीवर आणि सेवाशुल्कावर चालू राहू शकतात, ती ह्याचसाठी.

पुढच्या मासिक सभेत एवढं करा: गटाकडे आलेला कोणता पैसा अनुदान आहे आणि कोणता कर्ज, ते इतिवृत्तात वेगवेगळं लिहा आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवा. ज्या मैत्रिणीला वाचता येत नाही, तिलाही ते कळायला हवं. कारण सही किंवा अंगठा तिचाही आहे.