शरीरातील पाण्याचा हिशेब

वैशाखाच्या उन्हातून घरी आल्यावर तांब्याभर पाणी पिऊन आपण तृप्त होतो. त्या पाण्याचा केवढा काटेकोर हिशेब शरीरात ठेवला जातो, याची कल्पना मात्र आपल्याला क्वचितच असते. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यापैकी दीड-दोन लिटरच मूत्ररूपाने बाहेर पडतो. बाकीचा रक्तात परत घेतला जातो. यातील अखेरचा वाटा किती परत घ्यावयाचा, हे मूत्रपिंड स्वतः ठरवीत नाही. तो आदेश मेंदूकडून येतो. आदेश आणणाऱ्या दूताचे नाव व्हॅसोप्रेसिन.

हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील मज्जापेशी तयार करतात आणि वाटाण्याएवढ्या पोष ग्रंथीच्या मागील भागात ते साठविले जाते. रक्तातील क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली, तरी ते रक्तात अधिक स्रवते आणि मूत्र थोडे व घट्ट होते. पाणी अधिक झाले, की स्राव आवरता घेतला जातो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ ई. बी. व्हर्नी यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून ही यंत्रणा उलगडून १९४७ मध्ये तिचे सविस्तर विवेचन केले.

हा दूतच नाहीसा झाला तर? मग मनुष्य दिवसाला दहा-पंधरा लिटरही मूत्र विसर्जित करतो आणि तितकेच पाणी पितो. रात्रीची झोप उडते. तहान भागत नाही. मूत्रात साखर मात्र नसते. म्हणूनच या विकाराला डायबेटिस इन्सिपिडस, म्हणजे बेचव मूत्राचा मेह, असे नाव पडले. आपण त्याला बहुमूत्रमेह म्हणू. आपल्या प्राचीन वैद्यांनीही प्रमेहाचे वीस प्रकार सांगताना पाण्यासारख्या मूत्राचा उदकमेह आणि उसाच्या रसासारख्या मूत्राचा मेह वेगळे मानले होते. आजच्या रोगांशी त्यांची तंतोतंत सांगड घालता येणार नाही. पण निरीक्षणाची सूक्ष्मता लक्षात घेण्याजोगी आहे.

उपाय सापडला तो एका चुकीच्या समजुतीवर मात करून. पोष ग्रंथीचा अर्क मूत्र वाढवितो, असे विसाव्या शतकाच्या आरंभी मानले जात असे. १९१३ मध्ये इटलीत फारिनी आणि जर्मनीत फॉन डेन वेल्डेन यांनी तो अर्क या रोग्यांना टोचून पाहिला, आणि मूत्र वाढण्याऐवजी कमी झाले! पुढे व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी नऊ अमिनो आम्लांचे हे संप्रेरक प्रयोगशाळेत घडविले; १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १९६७ मध्ये प्रागमधील संशोधकांनी त्यात थोडा फेरफार करून डेस्मोप्रेसिन तयार केले. आज ते नाकात फवारून किंवा गोळीच्या रूपाने घेता येते. काही रोग्यांत मात्र दूत येतो, पण मूत्रपिंडच त्याचे ऐकत नाही. तेथे उपचार निराळे करावे लागतात.

एवढे ज्ञान हाती असूनही केवळ नावाच्या सारखेपणाने अनर्थ घडले. रुग्णालयात या रोग्यांना साखरेच्या मधुमेहाचे रोगी समजून त्यांचे डेस्मोप्रेसिन रोखले गेले आणि त्यात काही जण दगावले. म्हणून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी या विकाराला 'व्हॅसोप्रेसिनची न्यूनता' अशा अर्थाचे नवे नाव सुचविले.

प्रत्येक अतितृषा म्हणजे हाच रोग नव्हे. मधुमेहही असू शकेल, केवळ पाणी पिण्याची सवयही असू शकेल. निवाडा तपासणीनेच होतो. पण घरातील एखादे मूल रात्री वारंवार उठून घटाघटा पाणी पीत असेल, तर त्याला रागावून तांब्या दूर ठेवू नये. या रोगात पाणी तोडणे प्राणावर बेतू शकते. उलट औषध चालू असताना वैद्यांच्या सल्ल्याबाहेर भरमसाट पाणी पिणेही घातक, कारण त्याने रक्तातील सोडियम उतरते. दूत हरवला, की हिशेब ठेवण्याचे काम तहानेवर येऊन पडते. तिची हाक खोडी समजून दडपू नये. वैद्यांच्या कानी घालावी.